घंटा नसलेली खोली

अण्णा, मी हल्ली खोटी पेशंट म्हणून काम करते. हे वाचून तुम्ही चष्मा कपाळावर चढवाल आणि "म्हणजे नक्की काय करतेस?" असं दरडावून विचाराल, म्हणून आधीच सांगून टाकते. बँकेतून निवृत्त झाल्यावर मी घरात बसून यांच्या मागे कटकट लावायला लागले, तेव्हा नाटकातली एक जुनी मैत्रीण मला उपनगरातल्याच एका मेडिकल कॉलेजात घेऊन गेली. तिथे डॉक्टर होऊ घातलेल्या मुलांना पेशंटशी कसं बोलायचं ते शिकवतात. त्याचीही परीक्षा असते, आणि खऱ्या माणसाला परीक्षेपुरती तीच वाईट बातमी पुन्हा पुन्हा देता येत नाही, म्हणून माझ्यासारखी माणसं लागतात. एका लांब हॉलमध्ये पडदे लावून छोट्या खोल्या केलेल्या असतात. एकेका खोलीत एकेक खोटा पेशंट नाहीतर खोटा नातेवाईक. अशा खोलीला परीक्षेच्या भाषेत स्टेशन म्हणतात. बाहेर घंटा वाजली की मुलगा किंवा मुलगी आत येते, बोलते, आणि ठरलेली मिनिटं संपून पुन्हा घंटा वाजली की वाक्य अर्धवट टाकून उठते आणि शेजारच्या पडद्यामागे जाते. मी बहुतेक वेळा बायकोचं काम करते. माझा नवरा आत ऑपरेशन टेबलावर गेलेला असतो किंवा जाण्याच्या बेतात असतो, आणि ते मला सांगणं ही त्या मुलांची परीक्षा. संध्याकाळी घरी आले की तुमचे जावई पेपर खाली न ठेवता विचारायचे, "आज किती वेळा मारलंस मला?"

या डिसेंबरात ते खरोखरच गेले. पण मी लिहायला बसले आहे ते त्याच्या आदल्या दुपारबद्दल. त्यांचं हृदय बंद पडलं तर छाती दाबून ते पुन्हा चालू करायचं की त्यांना तसंच जाऊ द्यायचं, हे मला एकटीला ठरवायचं होतं. आम्हाला मूल नाही, हे तुम्हाला माहीतच आहे. आणि हे सगळं मला समजावून सांगायला जी डॉक्टर मुलगी समोर आली, ती मीच तालीम देऊन तयार केलेली होती. तिचं प्रत्येक वाक्य मला आधीपासून पाठ होतं. अशा माणसाच्या बोलण्यावर विश्वास ठेवायचा कसा, हा माझा प्रश्न होता, आणि माझं चुकलं असतं तर भोगावं लागणार होतं यांना. तुम्ही जन्मभर डॉक्टरकी केलीत, म्हणून तुम्हाला सांगावंसं वाटतंय. आणखीही एक कारण आहे, पण ते आत्ताच लिहायला हात होत नाही.

आमच्याकडे बातमी सांगायची रीत ठरलेली आहे. मुलाने आत येऊन आधी खुर्ची ओढायची आणि माझ्या डोळ्यांच्या पातळीला बसायचं, उभ्याने बोलायचं नाही. मग विचारायचं, तुमच्याबरोबर कोणी आलंय का. मग, तुम्हाला आतापर्यंत काय सांगितलंय. मग म्हणायचं, मला तुम्हाला एक वाईट बातमी सांगायची आहे, आणि थांबायचं. ते थांबणं फार महत्त्वाचं. मग बातमी, सोप्या शब्दांत. मग पेशंट रडला की गप्प बसायचं, टिश्यूचा डबा पुढे सरकवायचा, आणि "हे तुमच्यासाठी किती अवघड असेल याची मी कल्पना करू शकतो" असं काहीतरी म्हणायचं. "मला समजतंय" असं म्हणायचं नाही, कारण तुम्हाला कुठे समजतंय, तुमचा नवरा कुठे गेलाय. स्वतःला काय वाटतं, काय हवं, हे तर चुकूनही बोलायचं नाही. या सगळ्याला ती मुलं एम्पथी म्हणतात आणि तिला वेगळे मार्क असतात. तुमच्या वेळी असे मार्क असते तर तुम्ही नापास झाला असता, अण्णा, हे मी पहिल्याच दिवशी मनात म्हणून घेतलं होतं.

माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. मला पटकन कुणाचं खरं वाटत नाही. भाजीवाला "ताई, तुमच्यासाठी ताजी काढून ठेवलीय" म्हणाला की मी पिशवी उलटीपालटी करून बघते. तर त्या मुलांचं मला कसं खरं वाटणार? पहिल्या वर्षाची पोरं येतात ती घाबरलेली असतात. मी रडायला लागले की त्यांचेच डोळे भरतात, काय विचारायचं ते विसरतात, एकदा तर एक मुलगा "काकू, सॉरी, सॉरी" म्हणत पडद्यातच अडकला. तीच पोरं तिसऱ्या वर्षाला येतात तेव्हा कशी गुळगुळीत झालेली असतात. खुर्ची बरोबर ओढतात, आवाज बरोबर उतरवतात, डबा बरोबर सरकवतात, आणि माझ्या खांद्यावरून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतात. हा विषय शिकवणाऱ्या मॅडमना मी एकदा स्पष्टच म्हटलं, की तुम्ही यांना माणुसकी शिकवताय की नाटक? मॅडम चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "पहिल्या वर्षी असते हो ती यांच्याकडे, काकू. वॉर्डात गेली, एकामागून एक पेशंट बघायला लागली, झोप उडाली, की आटत जाते. म्हणून तर मी पाठ करून घेते. आटली तरी निदान वाक्यं राहतील." मला हे उत्तर पटलं नाही. वाक्यं राहून माणूस गेला तर समोरच्याला ते कळायचं कसं, हे मी विचारलं नाही, कारण चहा आला.

ती डॉक्टर मुलगी मला पहिल्यांदा भेटली तेव्हा तिसऱ्या वर्षाला होती. बोरिवलीची, चटपटीत, बोलायला फटकळ. सरावाच्या दिवशी आत आली आणि खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाली, "काकू, माझी वाट लागते हे स्टेशन आलं की. खरं सांगा ना, हात कुठे ठेवू? खांद्यावर की मनगटावर? मार्क कशाला आहेत?"

मी म्हटलं, "मार्क हाताला नाहीत गं. तुला मनापासून वाटतंय का, त्याला आहेत."

"मग ते तुम्ही कसं मोजता?"

मी म्हटलं, "खांद्यावर ठेव." तिने ठेवला. छान ठेवला, दाब न देता. मग मी तिच्याकडून ते सगळं पुन्हा पुन्हा करून घेतलं. चुकली की आमच्याकडे एकच पद्धत, पडद्याबाहेर जायचं आणि पहिल्यापासून यायचं. ती न कंटाळता बाहेर जायची, आत यायची, खुर्ची ओढायची. परीक्षेत मी तिला भरपूर मार्क दिले आणि त्याच वेळी मनात पक्कं ठरवलं, की या मुलीच्या गोड बोलण्यावर आपण कधीही जायचं नाही.

हे तुमच्याकडूनच आलंय, अण्णा. गोड बोलणाऱ्या डॉक्टरकडे दुसऱ्यांदा जाऊ नका असं तुम्ही आपल्याच पेशंटना सांगायचात. घाटकोपरच्या त्या दवाखान्यात मी शाळेतून आल्यावर बाकावर अभ्यास करत बसायचे आणि आतून तुमचा आवाज ऐकू यायचा. "टीबी आहे. बिडी सोडली नाहीस तर जाशील. पुढचा." त्या माणसाला खाली बसायलासुद्धा वेळ मिळालेला नसायचा. एक मालवणी बाई नेहमी यायच्या, त्यांचे यजमान गिरणीत होते. त्या आत जायच्या आधी माझ्याशेजारी बसून पदराने तोंड पुसायच्या आणि हळूच म्हणायच्या, "गे बाय, तुझ्या बापाशीक जरा हसूक सांग गे. माका भ्या वाटता." मी कधी सांगितलं नाही. मलाही भीती वाटायची. आणि एकदा, बाहेर एका बाईचं मूल दगावल्याचं ऐकून मी रडायला लागले तर तुम्ही दार उघडून सगळ्यांदेखत म्हणालात, "रडायचं असेल तर घरी जा. इथे लोकांना स्वतःचं रडणं पुरेसं आहे." मी दप्तर उचलून निघून गेले. त्या दिवसापासून मी तुमच्याबद्दल संशय धरला, तो असा, की यांना काही वाटतच नसेल तर? बाहेर सगळे म्हणायचे, डॉक्टर फणसासारखे आहेत, वरून काटे. मी मात्र आतले गरे कधी पाहिले नव्हते, त्यामुळे मला ते लोकांचं समजूत घालणंच वाटायचं.

माझं नाटक बघायला तुम्ही एकदाच आलात. बँकेची स्पर्धा होती, शेवटच्या अंकात मी धाय मोकलून रडते आणि तरीही मोठं स्वगत म्हणते. टाळ्या पडल्या. बाहेर आल्यावर तुम्ही म्हणालात, "रडताना माणूस इतकं नीट बोलत नाही. श्वास अडकतो. शब्द मधेच तुटतात." एवढंच. मी महिनाभर तुमच्याशी बोलले नाही. पण आज माझं पोट नाही तरी माझं नाव त्या एका वाक्यावर चालतंय. कॉलेजात सगळे म्हणतात, काकूंचं रडणं खरं वाटतं. मी श्वास अडकवते, शब्द तोडते. तुम्ही दिलेली तेवढी एकच शाबासकी, तीही शाबासकी नव्हतीच.

डिसेंबरात हे सकाळी सोसायटीचा पंप चालू करायला खाली गेले आणि पंपाच्या खोलीतच पडले. मेंदूत मोठा रक्तस्राव झाला होता. आमच्या कॉलेजचंच हॉस्पिटल जवळ, तिथेच नेलं. दोन दिवस ते मशीनवर श्वास घेत होते आणि मी आयसीयूच्या बाहेर बसून सगळ्यांवर संशय घेत होते. मोठे डॉक्टर येऊन इंग्रजीत दोन वाक्यं बोलून गेले, आशा फार नाही अशा अर्थाची. माझ्या मनात आलं, यांना बेड हवा असेल. मग एक दुसरे डॉक्टर म्हणाले, आपण प्रयत्न करत राहू, तेव्हा मनात आलं, यांना बिल वाढवायला मशीन चालू ठेवायचं असेल. म्हणजे कुणी काहीही म्हटलं तरी माझ्याकडे त्याचं वाईट कारण तयार. कुणा शेजारणीने सांगितलं होतं की शेवटी छाती दाबतात तेव्हा बरगड्या मोडतात. कुणी सांगितलं होतं की त्यानेच माणूस उठून बसतो. मला दोन्ही खोटं वाटत होतं. आणि ठरवायचं तर मलाच होतं. एक सही आणि तोंडी हो किंवा नाही, एवढंच माझ्याकडून हवं होतं, आणि त्यातलं एकही मला देववत नव्हतं. हे आत नळ्यांमध्ये पडलेले, त्यांना विचारायची सोय नव्हती. आयुष्यभर सोसायटीच्या पाण्याच्या वेळासुद्धा ज्यांनी सगळ्यांना विचारून ठरवल्या, त्यांचं मरण मी कुणालाही न विचारता ठरवणार होते.

दुपारी मला नातेवाइकांच्या खोलीत बोलावलं. छोटी खोली, एक टेबल, तीन खुर्च्या, भिंतीवर गणपतीचं कॅलेंडर. दार उघडून ती आली. आता ती तिथे रेसिडेंट डॉक्टर झाली होती, पहिलंच वर्ष. केस कसेतरी बांधलेले, डोळ्यांखाली काळं. तिने मला ओळखलं. मग तिने खुर्ची ओढली आणि माझ्या डोळ्यांच्या पातळीला बसली.

अण्णा, खुर्ची ओढल्याचा आवाज ऐकला आणि मला सगळं कळलं. बातमी मला त्या खुर्चीनेच सांगितली. पुढचं सगळं त्या क्रमानेच आलं. "काकू, तुमच्याबरोबर कोणी आलंय का?" नाही. "तुम्हाला आतापर्यंत काय सांगितलंय?" मी सांगितलं. "काकू, मला तुम्हाला एक वाईट बातमी सांगायची आहे." आणि ती न थांबता पुढे बोलत गेली, डोळ्यांच्या बाहुल्या प्रकाशाला हलत नाहीत, सूज वाढलीय, वगैरे. खांद्यावर हात आला. दाब न देता. मी ऐकत होते आणि माझ्या आत काहीही हलत नव्हतं. तिचं बोलणं संपलं तेव्हा मी मान डोलावली आणि म्हटलं, "चांगलं झालं. फक्त, वाईट बातमी आहे असं म्हटल्यावर थांबायचं असतं. तू घाई केलीस."

मी हे खरंच म्हणाले. माझा नवरा पलीकडच्या खोलीत मरत होता आणि मी तिला तिची चूक सांगत होते. आणि ती काय म्हणाली? "सॉरी काकू." असं म्हणून ती उठली, दार उघडून बाहेर गेली आणि दार लावून घेतलं. पहिल्यापासून करायचं म्हणून.

मी एकटीच बसून राहिले. आपण काय बोललो ते तेव्हा माझ्या ध्यानात आलं. वाटलं, ती आता येणार नाही, कुणा मोठ्या डॉक्टरला पाठवेल, बाईंचं डोकं ठिकाणावर नाही म्हणून सांगेल. बऱ्याच वेळाने दार उघडलं. ती आत आली, पण खुर्चीपाशी आलीच नाही. दाराला पाठ लावून उभी राहिली. रीतीत हे अगदी चूक. म्हणाली, "काकू, काका आता उठणार नाहीत. आम्ही काहीही केलं तरी नाही उठणार. त्यांचं हृदय थांबलं आणि तुम्ही काही सांगितलेलं नसलं तर छाती मला दाबायला लागेल, ड्युटी माझी आहे. बरगड्या मोडतात, खोटं नाही ते. आणि तरी ते जातीलच." मग तिचा श्वास अडकला. "मला काकांना ते करायचं नाहीये."

तिने स्वतःला काय नको ते सांगितलं होतं. आमच्याकडे या वाक्याला मी तिचे निम्मे मार्क कापले असते. हे कुणी शिकवलेलं असणं शक्यच नव्हतं, आणि यात मला खूश करण्यासारखंही काही नव्हतं. उलट स्वतःची सुटका मागत होती ती. आणि नेमकं म्हणूनच मला ते खरं वाटलं. दोन दिवसांत पहिल्यांदाच कुणाच्या तरी बोलण्यामागचं कारण मला दिसत होतं. मी म्हटलं, "नको दाबूस." माझा आवाज मलाच ऐकू आला नाही, म्हणून पुन्हा म्हटलं, "जाऊ दे त्यांना. नको दाबूस." 

तेव्हा ती येऊन बसली. समोर नाही, शेजारच्या खुर्चीवर, भिंतीकडे तोंड करून. आणि मला रडू फुटलं. कॉलेजातलं नाही, कसंही, नाकातोंडातून. तिने डबा सरकवला नाही, तिथे डबा नव्हताच. नुसती बसून राहिली. तिचा फोन दोनदा थरथरला, तिने खिशातच दाबला. खूप वेळ झाला. मला आतून कळत होतं की हिला आता जायला हवं, बाहेर इतर पेशंट आहेत. पण तिला उठता येत नव्हतं. तालमीत आम्ही सगळं शिकवलं होतं, आत यायचं कसं, बसायचं कसं, थांबायचं कसं. उठून जायचं कधी आणि कसं हे कुणी शिकवलंच नव्हतं, कारण तिथे घंटा वाजायची. इथे घंटा नव्हती. शेवटी नर्स बोलवायला आली तेव्हा ती उठली.

हे दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. कुणी छाती दाबली नाही. मी बाजूला उभी होते, मॉनिटरवरची रेघ सपाट होताना पाहिली. चेहरा शांत होता, हे मी स्वतः पाहिलंय, कुणाच्या सांगण्यावरून लिहीत नाही.

दिवसकार्य झाल्यावर एका रविवारी ती मुलुंडला आमच्या घरी भेटायला आली. हातात केळी. चपला कुठे काढाव्यात ते न कळून दारातच घुटमळत होती. मी चहा ठेवला आणि तिला काही सावरायला न देता विचारलं, "मॅडमनी पाठवलं का तुला?"

"हो," ती म्हणाली. लगेच. "मी येणार नव्हते काकू. मला भीती वाटत होती. तुम्ही विचाराल, त्या दिवशी बाहेर का गेलीस म्हणून."

"मग? का गेलीस?"

"सवयीने! तुम्ही म्हणालात घाई केलीस, मी उठले. दाराबाहेर गेल्यावर डोक्यात प्रकाश पडला, अरे, ही परीक्षा नाहीये. हे खरे काका आहेत. मग मी तिथेच भिंतीला टेकून उभी राहिले. आत यायला पायच उचलेना. सगळी वाक्यं गेली ना डोक्यातून."

"आणि इतका वेळ बसून राहिलीस ते?"

तिने कप खाली ठेवला. "खरं सांगू? कसं उठायचं ते कळेना. तुम्ही रडत होतात. आधी मी विचार करत होते की आता काय म्हणून निघू. मग विचार करायची बंद झाले. पण आधी तोच करत होते, काकू."

म्हणजे बघा, अण्णा. जे मी माझ्यासाठी केलेलं समजून इतके दिवस उराशी धरलं होतं, त्यातलं बरंचसं सवय होती आणि उरलेला गोंधळ. ती गेल्यावर मी थोडी खट्टू झाले. मग मला वाटलं, हे इतकं सगळं तिने सरळ सांगितलं, म्हणजे एकतर ही फार चांगली मुलगी आहे, नाहीतर प्रांजळ दिसण्याचेही कुठेतरी मार्क असतील. माझं काही होऊ शकत नाही.

तुमच्याबद्दल यांनी मला एक गोष्ट सांगितली होती, तुम्ही गेल्यानंतर पुष्कळ दिवसांनी. शेवटच्या वर्षी तुम्ही आमच्याकडे होतात, संध्याकाळी दोघे गॅलरीत बसायचात. तेव्हा म्हणे तुम्ही यांना सांगितलंत की शिकत असताना मुलांच्या वॉर्डात एक पोर दगावलं आणि तुम्ही त्याच्या आईपुढे रडलात. तुमच्या सरांनी तुम्हाला सगळ्यांदेखत वॉर्डाबाहेर काढलं आणि म्हणाले, चेहरा सांभाळता येत नसेल तर हा धंदा सोड. त्यानंतर तुम्ही रोज होस्टेलच्या आरशासमोर उभे राहायचात, एक मित्र तुम्हाला वाईट वाईट बातम्या सांगायचा, आणि तुम्ही चेहरा हलू न देण्याचा सराव करायचात. चेहऱ्यावरची रेष हलली की पहिल्यापासून. हे ऐकून मला तेव्हा बरं वाटण्याऐवजी रागच आला. मला वाटलं, हे माझं समाधान व्हावं म्हणून यांनी रचलंय. त्यांना विचारलंही, तर नुसते हसले. आता तेही नाहीत, म्हणजे खरंखोटं करायला कुणीच नाही. पण त्या मुलीला "सॉरी काकू" म्हणून दाराबाहेर जाताना पाहिलं तेव्हापासून मला ते आरशाचं खरं वाटू लागलंय. तुम्हीही पाठच केलं होतंत, अण्णा. पाठ वेगळा होता, आणि तो तुम्हाला नंतर पुसता आला नाही.

आता ते दुसरं कारण. आई गेली ती दुपार. मी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते. हॉस्पिटलात तिला न्यायला डबा भरायचा म्हणून मऊ भात शिजत ठेवला होता, लिंबाचं लोणचं वाटीत काढत होते. तुम्ही आलात, स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिलात आणि म्हणालात, "ती गेली. गॅस बंद कर." आणि फोन करायला बाहेर गेलात. मी गॅस बंद केला. घरात माणूस गेलं की चूल पेटत नाही, हे मला माहीत होतं, त्यामुळे तुम्ही जे सांगितलंत ते बरोबरच होतं. माणसं आली, सगळं झालं. मी शहाण्यासारखी वागले. तुमचा चेहरा हलत नव्हता म्हणून मीही हलू दिला नाही. पुढे कधी आपण त्याबद्दल बोललो नाही.

त्या हॉस्पिटलच्या खोलीत ती मुलगी दाराला पाठ लावून बोलली, अगदी तुमच्यासारखंच, उभ्याने, सरळ. पण बोलून झाल्यावर ती निघून गेली नाही. ती बसून राहिली. मी यांच्यासाठी रडतेय असं तिला वाटत असेल. आणि मी रडले, इतकी रडले, ते आईसाठी. अर्धवट शिजलेला भात समोर दिसत होता. तुमचे जावई भिंतीपलीकडे होते आणि त्यांचा विचारसुद्धा माझ्या मनात नव्हता.

मॅडमनी पुढच्या टर्मला बोलावलंय. बायकोऐवजी दुसरं कुठलंही काम घ्या म्हणाल्यात. मी काही कळवलेलं नाही. लोक भेटायला येतात, माझा हात हातात घेतात, किती धीराने घेतलंत म्हणतात, आणि मी मान खाली घालते. हे पत्र पाठवायला पत्ता नाही, म्हणूनच एवढं लिहिलं. यांच्यासाठी मी अजून एकदाही रडलेले नाही, अण्णा.